लाल कातळ, काळा दगड आणि मे महिन्यातली विहीर

कोकणात वर्षाकाठी साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा सांगितला की तो म्हणतो, मग तुम्हाला पाण्याची कसली चिंता! आणि इकडे एप्रिल उलटला की सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, वाड्यांमध्ये टँकरची वाट बघत हंडे रांगेला लागलेले असतात. जुलैत ज्या विहिरीचं पाणी वाकून हाताने घेता येत होतं, तिचा तळ मे महिन्यात दिसतो. योजना रखडल्या, बंधारे गळले, पाइप फुटले ही कारणं आपण ऐकत आलो आहोत आणि त्यांत तथ्यही आहे. पण त्या सगळ्यांच्या आधीचं एक कारण जमिनीच्या पोटात आहे. ते समजायला शाळेत पाठ केलेले खडकांचे तीन प्रकार पुरत नाहीत. दगड बघायला शिकावं लागतं.

कोकणात वाढलेल्या प्रत्येकाला दोन दगड लहानपणापासून ओळखीचे असतात. काळा दगड घाटात असतो, नदीच्या पात्रात असतो, देवळाच्या जोत्याला आणि पाट्या-वरवंट्याला असतो. लाल दगड, म्हणजे जांभा, सड्यावर असतो. त्याचे चिरे घराच्या भिंतीला लागतात, गडग्याला लागतात, पाखाडीच्या पायऱ्यांना लागतात. दोघांचा रंग वेगळा, वजन वेगळं, हातोडी मारली तर आवाजही वेगळा. पण रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या उत्तर भागात जांभा बहुतेक ठिकाणी त्या काळ्या दगडाचाच झालेला आहे. पावसाने केलेला. एवढी एक गोष्ट नीट उमगली की विहिरी, झरे, दरडी, आंब्याची कलमं आणि पुळणीवरच्या वाळूचा रंग, सगळ्यांचा उलगडा होऊ लागतो.

काळा दगड आला कुठून

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूभाग आजच्या जागेपासून बराच दक्षिणेला, हिंदी महासागरात होता आणि उत्तरेकडे सरकत होता. आज जिथे रियुनियन बेट आहे, तिथे पृथ्वीच्या पोटातून फार खोलवरची उष्णता सतत वर येते. त्या बेटावरचा ज्वालामुखी आजही जागा आहे. त्या उष्ण जागेवरून भारत सरकत असताना आपल्याकडचा लाव्हा बाहेर पडला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

ज्वालामुखी म्हटलं की शंकूच्या आकाराचा धुमसता डोंगर डोळ्यांसमोर येतो. म्हणून रायगड किंवा महिमतगड बघताना कुणीतरी हमखास विचारतं, हा पूर्वी ज्वालामुखी होता का हो? नव्हता. इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांमधून लाव्हा वर येऊन पसरत गेला. या प्रकारच्या लाव्ह्यात सिलिका कमी असते, म्हणून तो पातळ असतो. बाहेर पडताना त्याचं तापमान ११०० अंश सेल्सियसच्या पुढे. असा पातळ लाव्हा तोंडाशी साचून डोंगर उभा करत नाही. तो कित्येक किलोमीटर वाहतो, सपाट पसरतो आणि थिजतो. मग त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. सह्याद्रीत या थरांची एकत्र जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते आणि देशात आज या खडकाने व्यापलेला प्रदेश सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. त्यातला बहुतेक लाव्हा १० लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असं आताची कालमापनं सांगतात. डायनासोर संपले तो काळही हाच. मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा त्यात वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत झालेलं नाही.

आज दिसणारे किल्ल्यांचे डोंगर म्हणजे या थरांच्या चळतीतून पाण्याने कोरून मागे ठेवलेले तुकडे आहेत. पावसाळ्यात घाट उतरताना धबधबे टप्प्याटप्प्याने कोसळताना दिसतात. प्रत्येक उभा टप्पा म्हणजे लाव्ह्याच्या थराचा कठीण भाग, आणि मधली हिरवी पट्टी म्हणजे त्याच थराचा वरचा मऊ, सच्छिद्र भाग, जिथे माती टिकते आणि झाडोरा वाढतो.

रस्ता रुंद करताना घाटात ताजा कापलेला कडा दिसला तर गाडीतून नीट बघा. काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी लाल रंगाचा, हात-दोन हात जाडीचा पट्टा आडवा गेलेला असतो. खालचा लाव्हा थंड झाला, त्यावर ऊन-पाऊस पडत राहिला, वरचा भाग कुजून लाल झाला आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्याला भाजून झाकून गेला. म्हणजे तो लाल पट्टा दोन उद्रेकांमधली विश्रांती आहे. मुंबईत वरळीला लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात बेडकांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच सापडले होते. लाव्ह्यावर डबकी साचली, त्यांत बेडूक नांदले, एवढी ती विश्रांती लांब होती. मला स्वतःला या सगळ्या इतिहासात ते बेडूक फार महत्त्वाचे वाटतात. महाप्रचंड उद्रेकाची कल्पना आपण सहज करतो, पण दोन उद्रेकांमध्ये इथे शांत, ओलं, जिवंत जग होतं हे त्यांच्यामुळे कळतं.

खडक आणि खनिज या शब्दांची नेहमी गल्लत होते, म्हणून इथेच सांगतो. खनिजाची रासायनिक घडण ठरलेली असते आणि त्यातले अणू ठराविक रचनेत बसलेले असतात. खडक हे खनिजांचं मिश्रण. आपला काळा दगड, बेसॉल्ट, मुख्यतः तीन गोष्टींचा बनलेला आहे: फेल्डस्पार, पायरोक्झीन आणि लोह-टायटॅनियमची काळी खनिजं, म्हणजे मॅग्नेटाइट व इल्मेनाइट. लाव्हा लवकर थंड झाल्यामुळे यांचे कण मोठे व्हायला वेळच मिळाला नाही, म्हणून नुसत्या डोळ्यांना तो एकसंध काळा दिसतो. पुढची सगळी गोष्ट या तिघांचं पावसात काय होतं त्याची आहे.

काही काळ्या दगडांत भोकं दिसतात. घावन तव्यावर टाकल्यावर वाफ बाहेर पडते आणि जाळी पडते, तसंच लाव्ह्यातले वायू वर येताना थिजत्या दगडात पोकळ्या राहून गेल्या. नंतर त्यांतून झिरपलेल्या गरम पाण्याने विरघळलेली द्रव्यं आत आणून सोडली आणि स्फटिक वाढले. विहीर खणताना, बोगदा काढताना दगड फुटतो आणि आत पांढरे, कधी फिकट गुलाबी, चमकणारे सुळके दिसतात, ते हेच. त्यांत कॅल्साइट असतं, गारगोटी असते आणि झिओलाइट या कुळातली खनिजं असतात. महाराष्ट्रातली झिओलाइटं जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेली आहेत.

लाव्हा ज्या भेगांतून वर आला, त्या भेगांतही तो शेवटी थिजला. आजूबाजूचा दगड झिजला की त्या भेगा उभ्या भिंतींसारख्या उघड्या पडतात. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी सरळ रेषेत समुद्रात शिरणारे काळे पट्टे दिसतात. कुणीतरी बांधलेला जुना धक्का असावा असा भास होतो, पण ती लाव्ह्याची वाट आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला तर लाव्हा आकसताना तडकून उभे खांबच्या खांब तयार झाले आहेत. मुंबईकरांनी ते एकदा तरी जवळ जाऊन पाहावेत. आज चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेली ती टेकडी जगातल्या मोजक्या अशा ठिकाणांपैकी आहे.

किनारा मात्र नंतर झाला. लाव्ह्याच्या काळाच्या आसपास सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटून दूर गेला आणि आपल्या पश्चिमेला समुद्र उघडला. त्या ताणात किनारपट्टीचे थर समुद्राच्या बाजूला कलले. घाटमाथ्यावर जवळजवळ आडवे असणारे लाव्ह्याचे थर पनवेलच्या बाजूला पश्चिमेकडे झुकलेले आढळतात. तुटलेला कडा पुढे पावसाने झिजत झिजत पूर्वेला सरकला, आणि तो सरकताना जी अरुंद, खडबडीत पट्टी मागे राहिली तीच आपलं कोकण.

आणि उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे? वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीजवळचं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातलं तुरळ आणि राजवाडी, राजापूरजवळचं उन्हाळे. ही गरम पाण्याची कुंडं घाट आणि समुद्राच्या मध्ये, उत्तर-दक्षिण अशा एका पट्ट्यात आहेत. खाली ज्वालामुखी धुमसतोय, ही समजूत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. खरं कारण वेगळं आहे. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी जुन्या भेगांमधून फार खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून पुन्हा वर येतं. ते पाणी पावसाचं आहे आणि त्याची उष्णता खोलीची आहे. जिवंत ज्वालामुखी कोकणात कुठेही नाही.

काळ्याचा लाल कसा होतो

पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येतो आणि किंचित आम्ल होतो. कुजलेल्या पाल्यातून झिरपताना त्याची आम्लता आणखी वाढते. हे पाणी दगडाच्या चिरांमध्ये शिरतं. फेल्डस्पारमधलं सोडियम आणि कॅल्शियम ते सोडवून नेतं आणि उरलेल्याची चिकणमाती होते. पायरोक्झीन फुटतं, त्यातलं मॅग्नेशियम पाण्याबरोबर जातं, लोह मोकळं होतं. ते लोह हवेतल्या ऑक्सिजनला भेटलं की गंजतं, आणि गंजलेलं लोह पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते जागच्या जागी राहतं. पिवळट तपकिरी गोएथाइट आणि लाल हेमटाइट ही त्या गंजाची दोन रूपं; चिऱ्यावर दिसणारे सगळे रंग या दोघांचे.

हे काही लाख वर्षं चाललं की दगडातली सिलिकासुद्धा हळूहळू वाहून जाते. बेसॉल्टमध्ये वजनाने निम्मी सिलिका असते, हे लक्षात घेतलं तर केवढा ऐवज नदीवाटे समुद्रात गेला याचा अंदाज येईल. मागे उरतं ते हट्टी: लोह आणि ॲल्युमिनियम. लोह जास्त उरलं तर जांभा, ॲल्युमिनियम जास्त उरलं तर बॉक्साइट. दापोली-मंडणगडच्या बाजूला बॉक्साइट मिळतं ते याच कारणाने.

नुसता पाऊस मात्र पुरत नाही. चार महिने धो धो पाणी आणि आठ महिने कोरडं ऊन, हे आलटून पालटून व्हावं लागतं. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते, हवा मिळेनाशी होते, तेव्हा लोह विरघळून थोडं हलतं. उन्हाळ्यात पातळी खाली जाते, हवा आत शिरते आणि ते लोह पुन्हा घट्ट बसतं. असं वर्षानुवर्षं होऊन लोहाची एक जाळी तयार होते. जाळीमधली मऊ माती धुऊन गेली की चिऱ्याला ती ओळखीची भोकं पडतात. काळ्या दगडातली भोकं वायूची, लाल दगडातली भोकं पाण्याची. दोन्ही दगड हातात घेऊन हा फरक एकदा बघितला की विसरत नाही.

जांभ्याचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा झालं तेही आपल्याच किनाऱ्याच्या दक्षिणेला, केरळात. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात अंगाडीपुरम इथला हा दगड ओला असताना लोखंडी अवजाराने कापता येतो आणि उघड्यावर ठेवला की घट्ट होतो, असं नोंदवलं. आपल्या चिरेखाणीवरच्या कामगाराला यात नवं काही वाटणार नाही. खाणीतून नुकता निघालेला चिरा आणि चार महिने हवा खाल्लेला चिरा यांतला फरक तो बोटाने सांगतो. हवा लागली, ओल गेली की लोहाची खनिजं आणखी घट्ट बसतात.

चिरेखाणीची भिंत

जमिनीचा उभा छेद बघायचा असेल तर बंद पडलेल्या चिरेखाणीइतकी किंवा महामार्गाच्या नव्या कापणीइतकी चांगली जागा नाही. (चालू खाणीत विचारल्याशिवाय उतरू नये, आणि पावसाळ्यात कापणीच्या पायथ्याशी अजिबात थांबू नये.)

सगळ्यात वर कातळ. लोह दाटून बसल्यामुळे तो इतका टणक असतो की त्यावर माती धरत नाही. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर, बारसू, कशेळी, देवीहसोळ, उक्षी इथे माणसाने हजारो वर्षांपूर्वी हत्ती, मासे, माणसं कोरली ती याच कवचावर. ती टिकली याचं श्रेय कोरणाऱ्यांबरोबर या लोहालाही आहे. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आली. हापूसची कलमंही याच कातळात खड्डे फोडून, बाहेरून माती आणून भरून लावली गेली आहेत. झाडाला पाणी साचलेलं चालत नाही आणि सच्छिद्र जांभ्यात ते साचत नाही.

कवचाखाली जरा मऊ जांभा, ज्याचे चिरे निघतात. त्याखाली जांभ्याचा रंग डागाळत जातो, लालात पिवळे-पांढरे पट्टे येतात, आणि मग लागते पांढरट, पिवळसर, कधी जांभळट चिकणमाती. बोटांत घेतली तर गुळगुळीत लागते. ही फेल्डस्पारची झालेली माती. रत्नागिरीच्या आसपास जांभ्याखालच्या मातीत कोळसा झालेली प्राचीन लाकडंही आढळली आहेत. म्हणजे सगळाच जांभा थेट काळ्या दगडावर चढलेला नाही, काही ठिकाणी मध्ये जुना गाळ आहे. चिकणमातीखाली मुरूम, त्यात गोल गोल धोंडे. कडा-कोपऱ्यांवर पाणी दोन-तीन बाजूंनी हल्ला करतं, म्हणून चौकोनी तुकडा आधी कोपऱ्यांतून कुजतो आणि पापुद्रे सुटत गोल होतो. सगळ्यात खाली ताजा, न कुजलेला काळा दगड.

असाच जांभा महाबळेश्वर, पाचगणी आणि माथेरानच्या माथ्यावरही आहे. तो फार जुना. किनाऱ्याजवळच्या सड्यांवरचा त्यामानाने नंतरचा.

आता पाण्याकडे

त्या भिंतीत पाणी कसं चालेल ते बघा. सड्यावर पडलेला पाऊस कातळाच्या भेगांतून आणि जांभ्याच्या भोकांतून झपाट्याने खाली जातो. चिकणमातीपाशी येऊन अडतो, कारण तिचे कण इतके बारीक की पाणी तिच्यातून जवळजवळ जात नाही. मग ते मातीच्या माथ्यावरून आडवं चालू लागतं आणि सड्याच्या कडेला, जिथे उतार सुरू होतो तिथे झरा होऊन बाहेर पडतं. जांभा जितक्या सहज पाणी घेतो तितक्याच सहज सोडतो. सडे चहूबाजूंनी खाड्यांनी आणि पऱ्यांनी, म्हणजे ओढ्यांनी, कापलेले आहेत, त्यामुळे बाहेर पडायला वाटाही भरपूर. पाऊस थांबला की गळती सुरू होते आणि माघ-फाल्गुनापर्यंत वरचा साठा उतरून गेलेला असतो. काळा दगड खाली आहे, पण त्यात पाणी मावतं ते फक्त भेगांमध्ये आणि सच्छिद्र थरांमध्ये. शंभर मीटरची बोअर कोरडी जाते आणि पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या बोअरला पाणी लागतं, याचं कारण तेच: एका बोअरला भेग मिळाली, दुसरीला मिळाली नाही.

कोकणातली जुनी गावं उघड्या सड्यावर क्वचित असतात. ती सड्याच्या कुशीत, उताराच्या पोटात असतात, जिथे झरे फुटतात त्या पातळीला. ही पातळी म्हणजे जांभा आणि चिकणमातीची सीमारेषा. पाण्याची खरी ओढाताण होते ती पुढे सड्यावर सरकलेल्या वस्त्यांची, आणि घाटाच्या पायथ्याच्या त्या वाड्यांची जिथे जांभ्याचा जाड थर नाहीच. तिथे तीव्र उतारावरून पाणी सरळ नदीत आणि नदीतून काही तासांत खाडीत जातं.

यावरून काही गोष्टी सरळ ठरतात. जांभ्यावर तळं बांधलं आणि तळाला अस्तर दिलं नाही तर ते गळणारच. सिमेंटचा बंधारा उत्तम बांधला तरी बाजूचा जांभा पाणी पलीकडे नेतो. दिवाळीच्या सुमारास पऱ्यावर घालायचे वनराई बंधारे, म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचे तात्पुरते बांध, उपयोगी पडतात, कारण गळती सुरू होते त्याच वेळी ते खालची पातळी वर धरून ठेवतात. म्हणून ते वेळेत घालणं महत्त्वाचं, पौषात घातलेल्याचा फारसा उपयोग नाही. आणि सड्यावर चिरेखाण काढली की झऱ्याच्या वरची पाणी धरणारी जाडी कमी होते. चिऱ्याशिवाय कोकणात घर होत नाही, हे मला मान्य आहे. मीही चिऱ्याच्याच घरात राहतो. पण गावाच्या झऱ्याच्या नेमक्या डोक्यावर खाण द्यावी का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला गेलाच पाहिजे. त्यासाठी भूशास्त्राची पदवी लागत नाही, झरा कुठे फुटतो आणि त्याच्या वर काय आहे एवढंच बघावं लागतं.

हीच माती दरडीत

घाटाच्या उतारावर काळा दगड कुजून तयार झालेला मातीचा आणि धोंड्यांचा जाड थर ताज्या दगडावर नुसता टेकलेला असतो. दोन-तीन दिवसांत शेकडो मिलिमीटर पाऊस झाला की पाणी या थरात भरतं, खालचा दगड ते पुढे जाऊ देत नाही, आणि कणाकणांमध्ये अडकलेलं पाणी मातीला आतून उचलू लागतं. घर्षण कमी होतं. मग सगळा थर एकदम सुटतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळियेला आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर डोंगर आला, तेव्हा दोन्ही ठिकाणी आधी अतोनात पाऊस होऊन गेला होता. त्या दोन वाड्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

डोंगर बहुधा आधी खुणा देतो. उतारावर नव्या भेगा पडतात, चंद्रकोरीच्या आकाराच्या. सरळ झाडं आणि विजेचे खांब कलतात. घराच्या भिंतीला, जोत्याला अचानक तडे जातात, दारं अडकायला लागतात. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं, नवीन ठिकाणी पाणी फुटतं किंवा नेहमीचं थांबतं. यातलं काही भर पावसात दिसलं तर सकाळची वाट न बघता वाडी रिकामी करायची आणि तहसील कार्यालयाला कळवायचं. दरडी रात्रीही येतात.

मऊ मातीचा धडा कोकण रेल्वेनेही घेतला. १९९८ साली पूर्ण मार्ग सुरू झाला, त्याआधी बोगद्यांत सगळ्यात जास्त दमवलं ते कठीण काळ्या दगडाने नव्हे, जांभ्याखालच्या चिकणमातीने. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली.

समुद्राची बाजू

किनाऱ्यावर झीज वेगळ्या रीतीने चालते. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर कड्यात जाळीदार खळगे दिसतात. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि वाढताना दगडाचे कण सुटे करतात. लाटा कड्याचा पायथा पोखरतात, कडा मागे हटतो आणि समोर सपाट काळा कातळ उरतो, जिथे ओहोटीला कालवं काढायला माणसं जातात. ती सपाटी मागे हटलेल्या कड्याचा पाया आहे.

रत्नागिरीजवळ भाट्ये, काळबादेवी, मालगुंड इथल्या पुळणीवर काळी वाळू दिसते. बेसॉल्ट कुजला, फेल्डस्पारची माती झाली, पायरोक्झीन गंजलं, पण इल्मेनाइट आणि बरंचसं मॅग्नेटाइट कुजायला तयार नव्हतं. नद्यांनी ते समुद्रात आणलं, लाटांनी हलकी वाळू बाजूला नेली आणि हे जड काळे कण किनाऱ्यावर पट्ट्यांनी मागे ठेवले. मुलांना सोबत घेऊन गेलात तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्या वाळूतून फिरवा. मॅग्नेटाइट लगेच चिकटतं. कागदावर धरून चुंबक पिशवीतून बाहेर काढलं की कण खाली पडतात. इल्मेनाइट चुंबकाला फारसं दाद देत नाही. टायटॅनियमसाठी महत्त्व आहे ते मात्र त्यालाच.

देवगड-कणकवलीच्या बाजूला गेलं की लाव्हा संपत जातो आणि त्याच्या खालचे फार जुने खडक उघडे पडतात. कासार्डे-फोंडाघाटच्या बाजूला वाळूचे थर दाबून घट्ट झालेले खडक आहेत, १०० कोटी वर्षांहून जुने. तिथली सिलिका वाळू काचेला आणि ओतकामाला जाते. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले भागात ग्रॅनाइट, आणि दाबाने व उष्णतेने रूप पालटलेला पट्टेदार नाइस हा खडक. त्यांचं वय २५० कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. रेडीचं लोहखनिज याच प्राचीन खडकांमधलं. शाळेतले ते तीनही प्रकार, अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित, सिंधुदुर्गात एका दिवसाच्या प्रवासात बघता येतात. जांभा इथेही आहे, पण तो या वेगळ्या खडकांवर चढलेला आहे. या खडकांत क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, भरपूर, आणि क्वार्ट्झला पाऊस सहसा विरघळवू शकत नाही. म्हणून तारकर्ली आणि वेंगुर्ल्याची पुळण पांढरट असते. तिच्यातून चुंबक फिरवलं तर काळबादेवीच्या मानाने हाती फार थोडं लागतं.